खिडकीमागची नळताई

वॉशिंग मशीनच्या दुकानात तक्रार-खिडकीमागे बसायची नळताई. नाव ऑफिसनंच ठेवलेलं, कारण तिच्या डोळ्यांना सदा धार. नऊ वर्षं काचबिंदूचे थेंब चालू होते. थेंब पडले की डोळ्यांत तिखट गेल्यासारखं व्हायचं, मग दिवसभर वाळू खुपायची, आणि डोळे लालभडक.

दुकानाचा मात्र फायदाच. गिऱ्हाईक तावातावानं यायचं, "हे मशीन आहे की—" आणि समोर बघून तिथंच पाघळायचं.

"अहो बाई, रडताय कशाला? फाटला शर्ट तर फाटला!"

"मी रडत नाहीये."

"कळतं हो मला. घ्या, रुमाल घ्या."

असे अकरा रुमाल जमले होते. साहेब म्हणायचे, "ताई, तुमच्या डोळ्यांना बढती द्यायला हवी!"

दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून नळताईला कुरकुरणाऱ्या माणसांचा असा वीट आला होता, की स्वतःबद्दल ती चकार शब्द काढत नसे. डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारायच्या, "थेंबांचा त्रास?" ही म्हणायची, "छे! काही नाही."

एकदा नणंदेनं थेंबांची बाटली उजेडात धरली. "वहिनी, ही महिन्यात संपायची. महिना सरत आला, अजून अर्धी?"

"जपून वापरते गं."

"औषध आहे की अत्तर?"

नळताईनं बाटली काढून घेतली. जळजळ नको म्हणून संध्याकाळचे थेंब तिनं केव्हाच सोडले होते. तिच्या आईची नजर याच दुखण्यानं गेली होती. शेवटी शेवटी आई तिचं नाक चाचपून "तूच ना गं?" विचारायची. हे आठवलं की नळताई उद्यापासून नक्की घालायचं ठरवायची.

पुढच्या तपासणीला नणंद सोबत गेली. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी. "डोळ्यांतला दाब वाढलाय. थेंब रोज घालता ना?"

"हो तर!"

नणंदेनं पर्समधून कागद काढून टेबलावर ठेवला. नळताईच्याच खिडकीवरचा तक्रार-फॉर्म, नीट भरलेला. डॉक्टरीणबाई मोठ्यानं वाचायला लागल्या:

"वस्तू: डोळे, दोन नग. वापर: नऊ वर्षं. बिघाड: गळती, लाली, जळजळ. ग्राहकाचं वागणं: एक नंबरची खोटारडी, संध्याकाळचे थेंब घालत नाही."

"अगं भवाने!" नळताई किंचाळली.

डॉक्टरीणबाई आधी पोटभर हसल्या, मग खुर्ची पुढे ओढून बसल्या. "ताई, बाटलीतलं औषध टिकावं म्हणून त्यात एक रसायन असतं. वर्षानुवर्षं ते डोळ्याचा वरचा पडदा खरवडत राहतं. डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, म्हणून पाणी गळतं. बोलला असतात तर औषध कधीच बदललं असतं. पण न सांगता बंद? गेलेली नजर परत येत नाही."

"माहितेय," नळताई पुटपुटली. "आईची नाही आली."

त्या रसायनाशिवायचे थेंब मिळाले, एकावेळी एकच वापरायच्या चिमुकल्या नळ्यांतले. सोबत डोळे ओले ठेवायचे वेगळे थेंब.

दोन महिन्यांत डोळे निवळले. खिडकीवर गिऱ्हाइकं पुन्हा मनसोक्त ओरडायला लागली. साहेब आतून कुजबुजले, "ताई, जरा रडा ना!"

"आता नाही येत हो!"

तपासणीत दाबही उतरलेला निघाला. डॉक्टरीणबाईंनी सवयीनं विचारलं, "काही त्रास?"

"आहे ना!" म्हणत नळताईनं पर्स उघडली. फॉर्म पाठपोट भरलेला होता, आणि खाली पुरवणी जोडली होती.