जिवंत बापाचं मुंडण

गाडीचं स्टेअरिंग मी स्वतःहून सोडलं, कोणी माझ्या हातातून काढून घेतलं नाही, हे आधीच सांगतो. मी एसटीचा ड्रायव्हर, नाशिक डेपोचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझी झोप उडाली. का उडाली, देव जाणे. अंथरुणावर पडलो की डोळे टक्क उघडे. तसाच वर्षभर गाडी चालवत राहिलो. मग एकदा सिन्नरकडून येताना, भरदुपारी, एक थांबा मागे गेला. हात करून उभी असलेली माणसं, कंडक्टरची घंटी, गाडीतल्यांचा आरडाओरडा, काही म्हणजे काही मला कळलं नाही. कंडक्टरने खांदा हलवला तेव्हा भानावर आलो. आणि गंमत म्हणजे डोळे उघडेच होते! मागे पन्नास माणसं बसली होती. डेपोत गाडी लावली, साहेबांपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, मला गाडी देऊ नका."

साहेबांनी मला वर्कशॉपात बसवलं. समोरून दुसराच कोणी आपली गाडी बाहेर काढतो आणि आपण नटबोल्ट मोजत बसायचं. अरे, काय जिणं ते! गोळी घेतली तर झोप यायची, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड. म्हणजे गोळी घेतली तर स्टेअरिंग नाही, आणि गोळी नाही तर झोप नाही. दोन वर्षं असा लटकलो होतो.

तेवढ्यात नाशकातल्याच एका डॉक्टरांनी नवं मशीन आणलं. डोक्याला वायरी चिकटवायच्या, मेंदूच्या लहरी कॉम्प्युटरवर दिसणार, आणि माणूस त्या बघून बघून मेंदूला शांत व्हायला शिकवणार. सुई नाही, गोळी नाही, करंट नाही. उपयोग होतो का हे त्यांनाच तपासायचं होतं, म्हणून झोप न येणारी दहा-बारा माणसं त्यांना हवी होती. डॉक्टर स्पष्ट बोलले, "गुण येईलच असं मी सांगत नाही. करून बघायचंय." डेपोतले म्हणाले, "जाऊ नको, शॉक देतील." म्हटलं, देऊ देत. निदान त्याने तरी झोपेन.

मशीनच्या पडद्यावर काय असावं? एक लाल गाडी! डोकं शांत झालं की ती रस्त्यावरून पुढे जायची, नाहीतर जागच्या जागी उभी. मला हसूच आलं. वीस वर्षं घाट चढवलेल्या माणसाला हे खेळणं चालवायला जमणार नाही? आणि नाहीच जमलं. तासभर गाडी ढिम्म हलली नाही. पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. वायरी लावणारी मुलगी वैतागून म्हणाली, "काका, वायरी धरतच नाहीत. डोक्याला तेल किती हे!"

तेल माझी बायको लावत होती. मशीनला मदत व्हावी म्हणून बिचारी निघायच्या आधी वाटीभर खोबरेल टाळूवर थापायची. डॉक्टर म्हणाले, "अजून दोनदा बघू. नाही जमलं तर तुमच्या जागी दुसऱ्याला घ्यावं लागेल."

माझं डोकंच फिरलं. नुसतं न्हायलो असतो तरी भागलं असतं, पण रागाच्या भरात सुचतंय कुणाला? तडक रामकुंडावर गेलो, न्हाव्यासमोर बसलो आणि म्हणालो, "सगळे काढ." डोळे मिटून घेतले. त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक सगळं एकाच कारणाने येणारं. हात सवयीने चालत राहिला आणि त्याने मिशीही उतरवली.

दुसऱ्या दिवशी डेपोत शिरलो तर गेटवरचा माणूस उठून उभा राहिला. कोणी हात जोडले, कोणी पाठीवर हात ठेवला. एका कंडक्टरने हळूच विचारलं, "वडील आजारी होते का?" मी सगळ्यांना ओरडून ओरडून सांगितलं, कोणी गेलं नाही बाबांनो! पण तोवर बातमी सिन्नरच्या गाडीत बसून माझ्या गावाला गेली होती.

संध्याकाळी दार वाजलं. उघडतो तर दारात वडील! धडधाकट, हातात पिशवी, चेहरा लालबुंद.

"काय रे, मी मेलो व्हय? लोकं मला बघून दचकायला लागली! माझ्या जित्तेपणी टक्कल केलं तू?"

बायको पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, तिचं तिला माहीत. मी सगळं सांगितलं. वडिलांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "उद्या मी बी येतो. बघू दे तुझं मशीन."

आले ते. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. या वेळी वायरी मस्त धरल्या, पण गाडी काही हलेना. मी दात खाऊन तिच्याकडे बघतोय, घाम फुटलाय. आणि एकदम वडील बोलले, "ह्यो उजवा पाय कशाला दाबतोय रे भुईला?"

खाली बघितलं. खरंच की! माझा पाय फरशीवर ॲक्सिलेटर दाबत होता. तीन खेपा मी ती गाडी पायाने पळवायला बघत होतो. डॉक्टर पुढे आले, म्हणाले, "अहो, अंग असं ताठ असल्यावर मेंदू शांत कसा होणार?"

"मांडी घाल," वडील म्हणाले.

चपला काढल्या आणि खुर्चीत मांडी घातली. दाबायला काही उरलंच नाही. थोड्या वेळाने खांदे सैल पडले, जबडा सैल पडला. आणि लाल गाडी हलली. आधी टिचभर, मग हातभर, मग चालायलाच लागली! वडील उठून उभे राहिले. "चालली! चालली की रे!" ती मुलगी त्यांना गप्प करत होती आणि स्वतःच टाळ्या वाजवत होती.

त्यानंतर कित्येक आठवडे मी तिथे जात राहिलो. घरीही मांडी घालून तसाच सैल बसायचो. एका रविवारी दुपारी जेवून पडलो तो थेट दिवेलागणीला उठलो. बायकोने तोवर भंगारवाल्याला दारातूनच पिटाळलं होतं आणि रेडिओची वायरच काढून ठेवली होती. डॉक्टरांनी गोळी आधी अर्धी केली, मग पाव, मग बंद. सगळ्यांना गुण आला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. "तुमच्यात मशीनचा हात किती आणि मांडीचा किती, मला सांगता येणार नाही," असं म्हणत त्यांनी डेपोला द्यायच्या पत्रावर सही केली.

डेपोने माझी ट्रायल घेतली, मेडिकल घेतली आणि गाडी दिली. पहिलीच ड्युटी नाशिक–सटाणा. आनंदाने छाती अशी भरून आली होती की पहिला गिअर टाकायच्या आधी स्टेअरिंगच्या पाया पडलो. उन्हं वर आली, जेवणवेळ टळली. देवळ्याच्या अलीकडचा घाट उतरताना मी आरशात बघितलं. कांद्याचे व्यापारी, मांडीवर पोर घेतलेली बाई, कॉलेजची पोरं, सगळ्यांच्या माना कलंडलेल्या. कंडक्टरसुद्धा तोंड उघडं टाकून झोपला होता. अख्खी गाडी माझ्या भरवशावर झोपली होती आणि मी एकटा टक्क जागा होतो. डोळ्यांत पाणी आलं. बाहीने पुसलं, आणि सटाणा येईपर्यंत हॉर्न वाजवला नाही.