चाचांची मापवही

जगातल्या समस्त माणसांचे चाचांच्या लेखी दोनच प्रकार आहेत: ज्यांचे माप घेतले आहे ते, आणि ज्यांचे घ्यायचे राहिले आहे ते. आमच्या मिशनच्या दवाखान्यात बिनपगारी सेवेला येणाऱ्या प्रत्येकाचा पांढरा ॲप्रन चाचा फुकट शिवतात. जवळा बाजार या गावातले टेलरिंगचे दुकान बंद केल्यापासून दुसरे काही शिवतच नाहीत. पहिल्या दिवशी तुम्ही नमस्काराला हात जोडलेत की ते म्हणणार, "हात बाजूला घ्या, छाती मोजायचीय." एकदा पाहुणे आलेल्या बिशपांनी आशीर्वादासाठी हात उचलला, तर चाचांनी तेवढ्यात बाही मोजून घेतली. वर म्हणाले, "खाली नका घेऊ, काखेचं राहिलंय."

सेवेकऱ्यांच्या पाळ्यांची यादी मी ठेवते. तिच्यात नाव, गाव, वार, वॉर्ड, फोन असे रकाने आहेत. चाचांच्या वहीत नाव नसतेच. "नाव काहून लिहायचं, बाई? कापडाला नाव लागत न्हाई."

यातूनच पुढे अडचण झाली. दवाखाना सुरू झाल्यापासून इथे राबलेल्या सगळ्यांची नावे फलकावर लावायची, असे मोठ्या सिस्टरांनी ठरवले आणि काम मला दिले. जुनी रजिस्टरे वाळवीने आधीच संपवली होती. उरली चाचांची वही. ती उर्दूत, आणि चाचांना दिसणे कमी होत चाललेले. मी रोज अकराला खुर्ची टाकून बसू लागले. चाचा वही नाकाला लावत, आकडे पुटपुटत, डोळे मिटत आणि माणूस बाहेर काढत. "छाती चौतीस, डावा खांदा खाली. ही कनेरगाव नाक्याची गंगूबाई. तवा नळ न्हवता. साऱ्या दवाखान्याची घागर त्याच खांद्यावर." "कंबर बेचाळीस, खिसा मोठा. शिरड शहापूरचे गुरुजी. पेशंटची पत्रं लिहायचे. खिशात शेंगदाणे." महिनाभरात यादी भरली.

एक पान तेवढे राहिले. छाती बत्तीस, उजवी बाही आखूड. चाचांनी ते दोन दिवस पुन्हा पुन्हा नाकाला लावून पाहिले.

"गुरुवारी लेकरांच्या वॉर्डात गाणं म्हणायची, बाई. चेहरा दिसतोय. नाव न्हाई येऊन राहिलं."

"मग ती ओळ सोडू या," मी म्हणाले. यादी शनिवारी पेंटरला द्यायची होती.

"माप हाय म्हंजे माणूस हाय. सोडता कसं?"

त्यामुळे आमच्या फलकावर सगळ्यांत खाली रंगवलेले आहे: 'बत्तीस, उजवी बाही आखूड.' पेंटरने तीनदा विचारून खात्री केली.

चाचांनी त्या मापाचा नवा ॲप्रन शिवून खुंटीला लावला आहे. तिने फलक पाहिला आणि आत आली, तर तिला थांबायला लागू नये म्हणून. एक शिवण वाकडी गेली आहे. ते मी त्यांना सांगितलेले नाही. मी एवढेच म्हणाले, "चाचा, इतक्या वर्षांत बाई बत्तीसची राहिली असेल का?"

"दोन्ही बाजूंनी कापड जास्त सोडलंय," चाचा म्हणाले. "उसवलं की येईल."

माझ्या यादीत मी रिकामी जागा कधी ठेवत नाही. गुरुवारच्या पाळीत, लेकरांच्या वॉर्डासमोर, सध्या एक ठेवली आहे.