खोकल्याची नोंद

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं खुर्च्या घासल्या. बनवायचे दुसरे, ह्यांचं काम शेवटचं. पॉलिश पेपरने खुर्चीचे हात आणि पाठ इतकी गुळगुळीत करायची की रेशमाचा धागासुद्धा अडकू नये. खोली लहान, खिडकी एक, आणि हवेत सतत लाकडाचा बारीक भुसा. घरी येत तेव्हा भुवया पांढऱ्या असत. मी म्हणायची, रोज म्हातारे होऊन येता आणि तोंड धुतलं की तरुण होता. हे हसायचे आणि हसता हसता खोकायचे.

खोकल्याचा मला राग होता. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत रुमालाशिवाय शिंकणाऱ्या मुलीला सिस्टर वर्गाबाहेर उभं करत. खाकरणं, थुंकणं मला लग्नानंतरही कधी सहन झालं नाही, आणि तसं मी बोलूनही दाखवायची.

साठीच्या आसपास खोकला वाढला तेव्हा आम्ही छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण होते, पण समजावून सांगायची हौस होती. श्वासनळीला आतून चिकट कफाचा पातळ थर असतो, त्यात धूळ अडकते. खाली मज्जातंतूंची टोकं पहाऱ्याला बसलेली असतात. त्यांना काही टोचलं की ती खोकला उठवतात, कफही जास्त सुटतो. पण रोजच टोचत राहिलं तर पहारेकरीच बिथरतात, उगीच हाकाटी करतात, आणि नळीची सूज उतरत नाही. खोकला दाबू नका, कफ बाहेर पडू द्या, असं ह्यांना बजावून ते माझ्याकडे वळले. "काकू, सहा महिने रोजची नोंद ठेवा. कमी झाला नाही, तर त्या खोलीतलं काम बंद करायचं."

शाळेपासून माझी डायरी एक दिवस चुकलेली नाही. एका उबळीला एक तांबडा ठिपका, असं मी ठरवलं. पेन्सिल टोक करून जेवणाच्या टेबलावरच ठेवली. जानेवारीची पानं गोवर आल्यासारखी दिसत. मार्चमध्ये दिवसाला चार-पाच ठिपके उरले, जूनमध्ये पानं ठिपक्यांविना कोरी. डॉक्टरांनी ती उलटून पाहिली, माझ्या अक्षराची तारीफ केली आणि काम चालू ठेवायला हरकत नाही म्हणाले. बाहेर आल्यावर मी ह्यांना ऐकवलंच, की माझ्या शिस्तीने बरे झालात.

"तुझ्यापुढे खोकल्याची काय बिशाद," हे म्हणाले.

त्याच वर्षी थंडीत ताप आला. घट्ट कफ साचून छाती भरली आणि नऊ दिवसांत हे गेले.

पुढच्या आठवड्यात ह्यांच्या शेजारच्या बाकावर काम करणारे रंगारी भेटायला आले. आमचा भोंगा गेला, असं म्हणून डोळे पुसू लागले. मला काही उमजेना. मग कळलं, हे सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचायचे आणि पायरीवर बसून अर्धा तास खोकायचे. संध्याकाळी निघण्याआधी पुन्हा तेच. पोरं त्यावर घड्याळ लावायची, म्हणून नाव भोंगा. मी म्हटलं, घरी तर खोकला थांबलाच होता.

रंगाऱ्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"वहिनी, ते म्हणायचे, मी खोकलो की ती पेन्सिल उचलते. तोंड एवढंसं होतं तिचं. बघवत नाही."

ते तोंड काळजीचं होतं की किळसेचं, हे मला आजही सांगता येत नाही.

रंगारी गेल्यावर मी डायरी काढली. कोऱ्या म्हणून ज्या पानांचा मला अभिमान होता, त्यांच्या तळाशी माझंच वळणदार अक्षर होतं: "आज पुन्हा बाथरूममध्ये नळ वाहता सोडला. दहा मिनिटं. सांगून ऐकत नाहीत." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही. मी दाराबाहेर उभी राहून विचारायची, बादली अजून भरली नाही का. आतून फक्त पाण्याचा आवाज यायचा.

पेन्सिल टेबलावरच होती. जिथे जिथे नळ लिहिला होता, त्या ओळीपुढे मी एकेक ठिपका देत गेले. जून संपेपर्यंत टोक झिजलं. ते नीट करून घेतलं आणि जुलै उघडला.