साडूची अँबॅसिडर

भावावर जळू नये, शेजाऱ्यावर जळू नये, असं सगळे सांगतात. साडूवर जळू नये असं मला तरी आजवर कुणी सांगितलेलं नाही. सासरच्या ओसरीवर दोन जावई पाटाला पाट लावून बसवले की तुलना होणारच. त्यातला एक एसटीनं धूळ खात आलेला आणि दुसरा स्वतःच्या मोटारीतून उतरलेला असेल, तर पहिल्याला पुरणपोळी गोड लागत नाही.

माझे साडू इस्लामपूरकडचे. ऊस चांगला, विहिरीला पाणी चांगलं, स्वभावही चांगला, आणि हे शेवटचं तर मला मुळीच सहन व्हायचं नाही. मी सांगलीत एका कचेरीत कारकून होतो. मोटारींचं वेड मात्र माझं. संध्याकाळी विश्रामबागेच्या रस्त्याला पाठ करून उभा राहायचो आणि मागून येणारी गाडी फियाट की अँबॅसिडर की जुनी लँडमास्टर हे नुसत्या आवाजावरून ओळखायचो. कचेरीच्या जीपच्या ड्रायव्हरला चहा पाजून पाजून मी चालवायला शिकलो, रीतसर लायसन काढलं. ते लायसन पाकिटात झिजत होतं. साडूंना मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. बॉनेट कुठून उघडतं हेही त्यांनी मलाच विचारलं होतं. पण त्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून नंबर लावून ठेवला, काही वर्षांनी तो लागला, आणि पांढरीशुभ्र अँबॅसिडर त्यांच्या गोठ्याशेजारी येऊन उभी राहिली. चालवायला त्यांनी भावकीतलाच एक ड्रायव्हर ठेवला. दात आहेत तिथं चणे नाहीत म्हणतात, ते मी रोज चावत होतो.

आल्या-गेल्याला साडू गाडी द्यायचे. लग्नाला, बाळंतिणीला, कुणाला मिरजेच्या दवाखान्यात न्यायला. मागितली की मिळायची. मला ती एकदा चालवायची होती, नुसती बसून फिरायची नव्हती, चाक माझ्या हातात हवं होतं. आणि मागायची नव्हती. साडूपुढं हात पसरायचा म्हणजे काय, हे ज्याला साडू आहे त्यालाच कळेल. बायको म्हणायची, "आवं, एकदा म्हणून तर बघा. दाजी न्हाई म्हणायचं न्हाईत." ते नाही म्हणणार नाहीत हीच तर अडचण होती.

त्या साली धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. वाईजवळच्या सासुरवाडीला दोघाही जावयांना जोडीनं बोलावणं आलं. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. सासूबाईंनी आमचे पाय धुतले, गंध लावलं, धोंड्यांवर तुपाची धार धरली. जेवताना त्या सहज बोलून गेल्या, "सारा जन्म कृष्णेच्या काठाला गेला, पर ती निघती कुठनं त्ये काय बघितलं न्हाई."

साडूंनी तिथल्या तिथं जाहीर केलं, "उद्याच जाऊ की महाबळेश्वरला. गाडी हाय न्हवं दारात."

माझ्या घशाशी धोंडा अडकला. महाबळेश्वरला सासूबाईंना एसटीनं न्यायचं माझ्याही कधीपासून मनात होतं. आता ते पुण्य अँबॅसिडरनं खाल्लं.

पण सकाळी ड्रायव्हरच नव्हता. तोही कुणाचा तरी जावईच. त्याची सासुरवाडी तिथून कोस-दोन कोसांवर, तिथं त्यालाही धोंडे होते. साडूंनी मोठ्या मनानं रात्रीच त्याला सुट्टी दिली होती आणि सकाळी गाडी कोण चालवणार हा विचार त्यांना शिवलाच नव्हता. मोटार म्हणजे बैलगाडी नव्हे, हे त्यांच्या कधीच लक्षात यायचं नाही. सासूबाई नेसून, पूजेची परडी घेऊन ओसरीवर बसलेल्या. साडू डोकं खाजवत माझ्याकडे वळले.

"पावणं, तुमी चालवता न्हवं? मग घ्या की!"

मी मागितली नव्हती. त्यांनी दिली होती. मी उगाच घड्याळाकडे बघितलं, "बघू, जमतंय का," असं म्हटलं आणि किल्ली जवळजवळ हिसकावूनच घेतली.

सासूबाईंना मी पुढं बसवलं. दोघी बहिणी मागं बसल्या आणि साडूही मागंच बसले. घाटात मागं बसलं की पोटात ढवळतं हे जगाला ठाऊक आहे. पण गाडीचा मालक मागं बसतो हे साडूंना पक्कं ठाऊक होतं. मला त्याचं काही नव्हतं. पसरणीचा घाट सुरू झाला आणि मी जगाला विसरलो. चाकाशेजारचा तो गिअरचा दांडा तुपात बोट फिरवावं तसा फिरत होता. वळणाआधी गिअर उतरवायचा, हॉर्न द्यायचा, वरून येणाऱ्या एसटीला बाजू द्यायची. सासूबाई एकदाही दाराच्या दांडीला धरून बसल्या नाहीत. मागून साडूंचा आवाज आला, "आमचा गडी लय हिसकं देतो. तुमचा हात हलका हाय." मी आरशात बघितलं. लिंबासारखं तोंड झालं होतं त्यांचं, पण स्तुती खरी होती. मला फार बरं वाटलं आणि लगेच वाटलं, एवढी चांगली गाडी याला कशाला?

क्षेत्र महाबळेश्वरला पाच नद्यांचं पाणी सासूबाईंनी डोळ्यांना लावलं. परत बाजारात येऊन एका हॉटेलापुढं मी गाडी लावली, दार धरून सासूबाईंना उतरवलं आणि सगळी मंडळी आत गेली. मी मागं राहिलो, कारण काचेवर लाल धूळ बसली होती आणि ती मला बघवेना. खांद्यावरच्या पंच्यानं मी काच पुसली, मग बॉनेट, मग दिवे. पुसून आत जायला लागलो तर दारावरच्या माणसानं हात आडवा केला.

"ड्रायव्हर लोकांचं मागच्या बाजूला हाय. तिकडं बसा."

आदल्या दिवशी नारायण होतो, आज हे. भांडावं असं मनात आलं. पण हात पुढं करून त्यानं दाखवलं तिकडं मी बघितलं आणि माझे पाय आपोआप वळले. जांभळाच्या झाडाखाली चार-पाच ड्रायव्हर झुणका-भाकरी खात बसले होते. एकानं सरकून मला जागा दिली.

"तुजी कंची रं?"

"ती पांढरी," मी म्हणालो.

"झ्याक ठेवलीस की! माजी ती काळी फियाट. चढाला जरा रुसती, पर उतारावर बघावं तिला."

दुसरा म्हणाला, माझी अशी आहे. तिसरा म्हणाला, माझी तशी आहे. मालकाचं नाव कुणी काढलं नाही. तिथं गाडी ज्याच्या हातात त्याची, बस्स. मीही माझ्या गाडीचं सांगायला लागलो. क्लच कसा मऊ आहे, वळणावर कशी बसते. सगळे मन लावून ऐकत होते. इतकी वर्षं मोटारींवर बोलायला मला अशी माणसं मिळाली नव्हती.

तेवढ्यात बायको तरातरा आली. तिच्या मागून साडू, चेहरा पडलेला.

"आवं पावणं, हितं कुठं बसलाय? त्या दारावरच्याला चांगला झापलाय म्या," आणि ड्रायव्हरांकडे वळून ते गरजले, "आमचं साडू हायत ह्ये! जावई हायत घरचं!"

ड्रायव्हर उठून उभे राहिले. ज्यानं मला जागा दिली होती तो धोतर सावरत मागं सरला. काळ्या फियाटवाल्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा साडूंकडे.

"म्हंजी गाडी तुमची न्हाई व्हय, सायेब?"

"न्हाई," मी म्हणालो. "ह्यांची हाय."

आत साडूंनी स्वतः माझ्या ताटात वाढलं. बायको डोळे पुसत होती, माझा अपमान झाला म्हणून. माझं लक्ष मागच्या जांभळाच्या झाडाकडेच होतं.

घाट उतरून सासुरवाडीच्या दारात गाडी उभी केली, तेव्हा ड्रायव्हर परत आलेला होता. कपाळावर गंध, धोंडे खाऊन तृप्त. त्यानं हात पुढं केला. मी किल्ली दिली. तो आत बसला आणि सकाळी मी माझ्या डोळ्यांना लावून घेतलेला आरसा त्यानं बोटानं फिरवून आपल्याकडे केला. शेजारी साडू माझ्या पाठीवर हात ठेवून काहीतरी चांगलंच बोलत होते. मला ते ऐकूच आलं नाही. मी त्या ड्रायव्हरवर जळत उभा होतो.