वॉर्डाचा तक्ता आणि कॅज्युअल्टीची बाटली

न्यूमोनियाच्या रुग्णाला पहिलं अँटिबायोटिक कोणतं द्यायचं, याचा तक्ता मी स्वतः कॅज्युअल्टीत नेऊन चिकटवला होता. परभणीतल्या आमच्या रुग्णालयात मी मेडिसिन वॉर्डाची डॉक्टर. तक्त्यावर ठळक लिहिलं होतं, लिव्होफ्लॉक्सासिननं सुरुवात करू नका. कारण साधं. खोकला क्षयाचा असला तर हे औषध जंतूंना अर्धवट दाबतं. रुग्णाला बरं वाटतं, थुंकीत काही सापडत नाही आणि आजार आत तसाच राहतो.

पण कॅज्युअल्टीची रीत वेगळी. कुणी खोकत, धापा टाकत आला की वर वॉर्डात पाठवण्याआधी लिव्होची बाटली लावायचीच. बाटली लटकलेली दिसली की नातेवाईक गप्प बसतात. मी भांडायला गेले, तर तिथले डॉक्टर म्हणाले, "मॅडम, ती तुमच्या डिपार्टमेंटची गाईडलाइन. आम्हाला इथं गर्दी सांभाळायची असते." जणू जंतू डिपार्टमेंट विचारून येतात! मीटिंगा झाल्या, चहा झाला, सगळ्यांनी माना डोलावल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

आमचा वॉर्डही काही सोवळा नाही. खालून सुरू होऊन आलेलं औषध वर कुणी थांबवत नाही. सुरू करणाऱ्याचा अपमान होतो म्हणे.

दसऱ्यानंतर वालूरकडची एक ऊसतोड कामगार बाई दाखल झाली तेव्हा मी रजेवर होते. परतले तोवर लिव्हो कित्येक दिवस चाललं होतं. बाईचा ताप उतरलेला, पण हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मला क्षयाची शंका आली. थुंकी तपासली, काही निघालं नाही. निघणार कसं? संताप संताप झाला माझा.

"हे औषध बंद करू आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तपासू," मी तिच्या नवऱ्याला म्हणाले.

"ताप तर उतरला की मॅडम. लय गुण आला. परवा मुकादमाची गाडी निघायलीय, आमी न्हाई गेलो तर कोयता दुसऱ्याला देतेत."

मी विनवलं, रागावले, कारखान्याजवळच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. जाताना त्यानं आभार मानले ते कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांचे.

हंगाम संपल्यावर तो तिला उचलूनच घेऊन आला. या वेळी मी आधी थुंकी घेतली, मगच औषधाला हात लावू दिला. क्षयच होता. खाली जाऊन कुणाची तरी गचांडी धरावी असं वाटत होतं, पण धरणार कुणाची? चूक एकट्याची असती तर बरं झालं असतं.

मी तिच्या नवऱ्याला विचारलं, "उसाच्या फडावर कोपीच्या झोपडीत तुमच्याबरोबर कोण कोण होतं?"

"आमी दोघं आन् धाकटी पोरगी."

"ती बरी आहे ना?"

"तीबी खोकायलीय, महिना झाला," तो म्हणाला. "आईच्या कुशीबिगर झोपतच न्हाई ती."