साहेबांचं औक्षण

आता माझी फजिती मीच सांगते, पण आधी तो चहा खाली ठेवा, ठसका लागेल!

मी सातारा जिल्ह्यात वनरक्षक. ऑफिसात बाई म्हणून मी एकटी, बाकी सगळे बाप्ये. अंगावर खाकी असली तरी येणारा जाणारा मलाच विचारतो, "ताई, साहेब हायत का?" असा संताप येतो म्हणून सांगू! जंगल राखायला भरती झाले आणि बसवलं कुठं? टेबलामागं, फायली लावायला! जंगलातलं बीट, म्हणजे गस्तीचा स्वतःचा इलाका, मागितलं की ठरलेलं उत्तर, "बाईमाणसाला डोंगरात कुठं धाडायचं?"

अशात नवे साहेब येणार असं कळलं. आमचे वनपाल शिंदेदादा म्हणाले, "औक्षण तुमीच करा. हापिसात बाईमाणूस तुमीच हाय न्हवं?"

बघा! डोंगराला बाईमाणूस चालत नाही, आरतीच्या ताटाला चालतं! तरी म्हटलं, साहेब खूश झाले तर बीट मिळेल. घेतलं ताट.

गाडी आली. पुढून उतरले ते झुपकेदार मिशांचे, ताठ कण्याचे. मी टिळा लावला, ओवाळलं. ते म्हणाले, "आवं ताई, मी..." तेवढ्यात मी कंदी पेढा कोंबला तोंडात! शिंदेदादांनी वरून फेटा आवळला.

मागून पंजाबी ड्रेसमधल्या एक बाई उतरल्या.

"वहिनी, उन्हात कशाला? या की आत!"

त्यांना बाकावर बसवलं, कुंकू लावलं, खणानारळानं ओटीसुद्धा भरली. त्या काहीतरी सांगू बघत होत्या, पण मी बोलू देईन तर ना!

"वहिनी, साहेबांच्या कानावर तेवढं घाला. मला बीट पायजे. ह्या बाप्यांना वाटतं, जंगल म्हंजी ह्यांच्या बापाची इस्टेट!"

"आणि साहेबांना काय वाटतं?"

"ते बी बाप्याच की वो!"

बाई हसल्या. ओटी सांभाळत उठल्या आणि थेट साहेबांच्या खुर्चीत जाऊन बसल्या! दारात फेटेवाले पेढा गिळत म्हणाले, "मी फौजेतनं रिटायर हाय, ताई. मिसेसना सोडाय आलोय."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. शिंदेदादा खिडकीबाहेर बघायला लागले. ज्यावरून मी रोज जगाला नावं ठेवते, तेच मी केलं, आणि तेही साग्रसंगीत, कुंकू लावून!

"मॅडम, चुकलं माझं..."

"बीट दिलं तुम्हाला. उद्यापासून जा." मी आनंदानं उडीच मारणार होते, तोच मॅडम म्हणाल्या, "फक्त डोंगरात गवा दिसला तर नीट बघा हं. नाहीतर म्हैस समजून त्याचीही ओटी भराल!"