तीनदा सांगा, मग लिहितो

आमच्या इचोड्यात एक माणूस असा आहे, की त्याच्यासमोर कलेक्टर जरी रडत आला तरी तो म्हणेल, "पुन्हा पहिल्यापासून सांगा." माझ्या मालकांचे हे जुने दोस्त, म्हणून माझे भाऊजी. कचेरीबाहेर कडुलिंबाखाली टेबल मांडून जन्मभर अर्ज्या लिहीत आले. तेलुगू म्हणा, मराठी म्हणा, उर्दू म्हणा. पण लिहिण्याआधी कहाणी तीनदा वदवून घेणार, आणि तीही उभ्यानं. त्यांचं म्हणणं, पहिल्यांदा माणूस राग सांगतो, दुसऱ्यांदा शेजाऱ्यांना ऐकवायचं ते सांगतो, आणि तिसऱ्यांदा पाय दुखायला लागले की खरं सांगतो. लिहून झालं की अर्जी समोरच्या चहावाल्याला वाचून दाखवायची. ऐकता ऐकता कंटाळून त्यानं गाळणी उचलली, की कागद फाटलाच समजा. एकदा बांधाच्या भांडणाची अर्जी चारदा फाडली. तेवढ्यात भांडणारे दोघे भाऊ चहा पिऊन एकाच गाडीवर घरी गेले. आणि 'खूप' या शब्दाशी तर त्यांचं वैरच. मी सहज म्हटलं, आज खूप ऊन आहे, तर म्हणाले, "वहिनी, खूप म्हंजे किती? कोंबडी कुठं बसली ते सांगा."

अशा माणसाच्या नादी माझी नात लागली. बारावी झाली होती, आदिलाबादला वसतिगृहात राहून शिकायचं होतं, आणि माझा लेक नाही म्हणाला होता. त्याचा भाजीचा धंदा, बोलणं कमी, एकदा नाही म्हटलं की विषय संपला. पोरीला बापासमोर तोंड उघडवेना. उन्हाळाभर ती भाऊजींच्या टेबलापाशी बसून नकला उतरवत होती, म्हणून तिनं आपल्या अकलेनं काय करावं? बापाला अर्जी लिहिली! 'माननीय वडील साहेब यांचे सेवेशी, अर्जदार मुलगी सविनय सादर करते की', खाली सही, सोबत गुणपत्रिकेची नक्कल.

भाऊजींनी ती वाचली, चष्मा काढला. "बापाला अर्जी काऊन लिहून राह्यली, माय? त्याच्यापाशी शिक्का हाये का?"

मग उभी केली तिला. पहिल्या खेपेला बापावरचा राग निघाला. दुसऱ्या खेपेला देशाची प्रगती आणि स्त्रीशिक्षण. तिसऱ्या खेपेला पोरगी हळू आवाजात जे बोलली ते त्यांनी तिलाच लिहायला लावलं. चहावाल्यानं गाळणीला हात लावला नाही. चहा उतू गेला.

संध्याकाळी तो कागद मी लेकाच्या ताटाशी ठेवला. तीनच ओळी होत्या. 'बाबा, मला जायची भीती वाटते. तरी मला जायचं आहे. तुम्ही पोचवायला या.'

त्यानं जेवण संपवलं, हात धुतला, कागद पुन्हा वाचला. मग मला विचारलं, "आदिलाबादची सकाळची बस कितीला हाये?"

आता लोक फोनवरच अर्ज भरतात. टेबल तसंच मांडलेलं असतं, भाऊजी एकटे बसतात. नात वसतिगृहातून त्यांना पत्रं धाडते, आणि ते लाल रेघा मारमारून परत पाठवतात. मागचं पत्र मात्र दिवाळीपासून परत गेलं नाही. काल मी विचारलं, तर सदऱ्याच्या खिशातून काढलं. घड्या पार विरल्या होत्या, लाल रेघ एकही नव्हती.

"अजून तपासून राह्यलो, वहिनी," म्हणाले, आणि पुन्हा खिशात ठेवलं.